तिसरा भाग भाच्यासोबत बघा

प्रश्न : चौदाव्या वर्षी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलं, तेव्हापासून फॅरामीर हे माझं सर्वांत लाडकं पात्र आहे. त्यावरच्या दुसऱ्या चित्रपटात तो फ्रोडोला कैद करून त्याच्याकडची घातक जादूची अंगठी वडिलांकडे न्यायला निघाला, तेव्हा मला थिएटरात रडू कोसळलं. तिसरा भाग मी आजतागायत बघितलेला नाही. आता माझ्या तेरा वर्षांच्या भाच्यानं पहिले दोन भाग बघितले आणि त्यालाही फॅरामीरच सगळ्यात जास्त आवडला. मी त्याला म्हणाले, "तुला आवडला तो फॅरामीर नाहीच. आधी पुस्तक वाच, मग बोल." त्यानंतर त्यानं माझ्याकडे हा विषय काढलेला नाही. वहिनीला मात्र म्हणाला की तिसरा भाग आत्यासोबतच बघायचा होता. दुसरी गोष्ट, आम्हा वाचकांचा एक ग्रुप आहे. याच विश्वावर २०२२ साली आलेल्या मालिकेतल्या एका अभिनेत्रीच्या रंगावरून तिथे फार घाणेरडं लिहिलं गेलं. मालिका मलाही आवडली नव्हती, म्हणून मी गप्प बसले. आता स्वतःचीच भीती वाटते. माझं पुस्तकावर प्रेम आहे की मी त्याच्या दारात पहारा देत बसले आहे? आणि ॲरागॉर्नचा माझ्या मनातला चेहरा चित्रपटानं पुसून टाकला, तो परत येईल का?
— एक आत्या

उत्तर :

प्रिय आत्या,

आधी भाच्याला फोन करा. तिसरा भाग तुझ्यासोबत बघायचाय असं सांगा, दिवस ठरवा, आणि मग हे पुढे वाचा. या वयाचं मूल आपल्याला आवडलेली गोष्ट मोठ्या माणसापुढे मांडतं तेव्हा त्यानं बरंच धाडस केलेलं असतं, आणि ती गोष्ट परतवून लावली की ते फार लागतं. तरीही त्याला चित्रपट तुमच्याच शेजारी बसून बघायचाय. ही संधी दवडू नका.

तुमच्या रडण्याबद्दल मात्र मी तुम्हाला एका शब्दानंही बोलणार नाही. पुस्तकाचे लेखक टॉल्किन यांनी १९४४ साली मुलाला, क्रिस्टोफरला, लिहिलेल्या एका पत्रात या पात्राच्या आगमनाची हकिगत आहे. हा माणूस मी रचलेला नाही, मला तो नकोही होता, पण तो इथिलियनच्या रानातून चालत आला आणि मला आवडला, असं ते लिहितात. पुढे त्यांनी असंही म्हटलं की माझ्या पुस्तकातलं कुणी माझ्यासारखं असेलच, तर ते फॅरामीर आहे. एक महाकाय लाट जमीन गिळत येते, हे त्यांना स्वतःला वारंवार पडणारं स्वप्न होतं. ते त्यांनी फॅरामीरला देऊन टाकलं. लेखकानं ज्याच्यात स्वतःचा एवढा अंश ठेवला, त्याच्यावर तुमचा जीव जडला. तो पडद्यावर वेगळाच निघाल्यावर वाचकाला काहीच वाटलं नसतं, तर मला त्याचं नवल वाटलं असतं.

पुस्तकातला तो प्रसंग तुम्हाला पाठच असेल, इतरांसाठी थोडक्यात सांगते. धबधब्यामागची गुहा, फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम हे दोन थकलेले हॉबिट, म्हणजे बुटक्या जातीतले लोक, भोवती फॅरामीरची शस्त्रधारी माणसं. सॅमच्या तोंडून अंगठीची गोष्ट चुकून निघून जाते. जादूगार गॅन्डाल्फ आणि एल्फांची राणी गॅलाड्रिएलसुद्धा जी स्वतःकडे घ्यायला धजावत नाहीत, ती वस्तू फॅरामीरच्या हाताच्या अंतरावर आहे आणि त्याला अडवणारं कुणी नाही. पण रस्त्यात पडलेली दिसली तरी मी ती उचलणार नाही, असं तो आधी बोलून गेलेला असतो आणि त्या शब्दाला जागतो. दोघांना शिधा देऊन निरोप देतो. चित्रपटात तो त्यांना ऑस्गिलिएथ शहराच्या वेढ्यात ओढत नेतो आणि तिथे पोचल्यावर मगच त्याचे डोळे उघडतात.

हा बदल का केला, ते पटकथालेखकांनी उघडपणे सांगितलेलं आहे. अंगठी भल्याभल्यांना भ्रष्ट करते असं प्रेक्षकाच्या मनावर ठसवत आणायचं आणि मग एका माणसानं तिला सहज नाही म्हणायचं, यानं पडद्यावर तिची दहशतच संपते, हे त्यांचं म्हणणं. दुसरं कारण रचनेचं. पुस्तकाचा दुसरा खंड शेलॉब या महाकाय कोळिणीच्या गुहेपाशी संपतो, पण चित्रपटांत तो प्रसंग तिसऱ्या भागात गेला. त्यामुळे दुसऱ्या भागाच्या शेवटी फ्रोडो आणि सॅमच्या वाटेत दुसरं काही संकट उभं करणं भाग होतं, आणि ते फॅरामीरच्या रूपानं आलं.

मला रचनेचं कारण पटतं, पहिलं पटत नाही. अंगठीची ताकद दाखवायला तिच्या मोहात पडलेला थोरला भाऊ बोरोमीर पुरेसा होता. त्याच घरात, त्याच बापाच्या हाताखाली वाढलेला धाकटा भाऊ तिला नाकारतो, यानं अंगठी लहान होत नाही, माणूस मोठा होतो. तेव्हा या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. पण पडद्यावरचा फॅरामीर पोकळ नाही, हेही तितकंच खरं. बापाच्या एका शाबासकीसाठी तडफडणारा मुलगा आहे तो. फ्रोडोला सोडलं तर कायद्यानं आपला जीव जाईल, हे त्याला ठाऊक आहे. आयुष्यभर जी शाबासकी हवी होती ती हाताशी आलेली असताना तो ती सोडून देतो. पुस्तकातल्या फॅरामीरला बरोबर काय ते पहिल्यापासून कळतं, चित्रपटातल्याला ते चुकल्यावर कळतं. तेरा वर्षांच्या मुलाला यातला दुसरा जवळचा का वाटला असेल, याचा विचार केलात का? मुख्य म्हणजे, त्याला त्याच्यात काय आवडलं, ते तुम्ही त्याला विचारलंत का?

तुमच्या पत्रात मला हीच एक गोष्ट खटकली. चित्रपटातल्या फॅरामीरचं काय खुपलं, हे तुम्ही मला किती नेमकं लिहिलंत. भाच्याला मात्र त्यातलं काहीच सांगितलं नाहीत, त्याला फक्त "आधी वाच, मग बोल" एवढंच मिळालं. तुम्ही म्हणता तो पहारा असल्या वाक्यातून सुरू होतो. नेमकी तक्रार ऐकली की समोरच्याला पुस्तकाबद्दल कुतूहल वाटतं. "तुला कळत नाही" एवढंच ऐकलं की तो उठून जातो.

नेमकी तक्रार कशी करायची, हे खुद्द टॉल्किन यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्या हयातीतही या पुस्तकावर चित्रपट काढायचे बेत झाले होते. १९५८ साली त्यांच्याकडे एक पटकथेचा आराखडा आला. तो वाचून ते संतापले आणि त्यांनी प्रसंगामागून प्रसंग घेऊन लांबलचक उत्तर लिहिलं. गरुडांचा वापर फार झालाय, अमुक पात्र असं बोलणार नाही, तमुक ठिकाणी विनाकारण मारामारी घुसवली आहे, असं एकेक. पण त्याच उत्तरात, वेळ कमी पडत असेल तर काय गाळावं, हेही त्यांनी सांगितलं आहे. एंट, म्हणजे चालतीबोलती झाडं, आणि हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई, दोन्ही नीट दाखवणं जमत नसेल, तर लढाई काढून टाका, कारण मूळ कथेत ती प्रासंगिक आहे, असं ते म्हणतात. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या २००२च्या चित्रपटात नेमकी तीच लढाई सर्वांत मोठी झाली! आता सांगा, पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या लढाईबद्दल तक्रार केली? मला स्वतःला ती पावसातली रात्र अतिशय आवडते. लेखकाच्या मनाचं माप एक, वाचकांचं दुसरं, आणि दोन वाचकांची मापंही सहसा जुळत नाहीत.

म्हणून आपल्या नाराजीतली कोणती गोष्ट कुठून आली, ते वेगळं करून बघावं. काही बदल केवळ लांबीमुळे होतात. हजार पानांहून मोठी कादंबरी तीन चित्रपटांत बसवताना बरंच काही गळणारच, त्यावर रागावून फार काही हाती लागत नाही. काही बदल माध्यमामुळे होतात. 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' या १९००च्या पुस्तकात डोरोथीचे बूट रुपेरी आहेत. १९३९च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर हे रंगीत चित्रणाचं तंत्र नवं होतं आणि लाल रंग पडद्यावर झळाळून उठत होता. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्याच चित्रपटानं ऑझची सगळी सफर शेवटी स्वप्न ठरवली. पुस्तकात तो देश खरा आहे, डोरोथी तिथे खरोखर जाऊन येते. हा बदल कथेच्या मुळाशी गेला आणि त्यावर वाचकानं हटून बसावं असं मला वाटतं. तुमची फॅरामीरची तक्रार याच जातीची आहे. ती सोडून देऊ नका.

आता तिसरा भाग. मनाची तयारी असावी म्हणून तुम्हाला काय खुपेल ते आधीच सांगते. हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख, शायर, उद्ध्वस्त झालेला असतो आणि तो त्यांना स्वतः लढून सोडवावा लागतो, हा भाग चित्रपटात नाही. टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, हा कथेचा आवश्यक भाग असून तो सुरुवातीपासून मनात होता, असं लिहिलं होतं. पहिल्या चित्रपटात गॅलाड्रिएलच्या जादूच्या पाण्यात त्याची नुसती झलक दिसते, तेवढीच. याची कमतरता तुम्हाला जाणवणारच, मलाही दर वेळी जाणवते. फॅरामीरच्या वडिलांचं, डेनेथॉरचं, पात्रही बरंच सपाट झालंय. पुस्तकातल्या त्या अभिमानी, बुद्धिमान, खचत चाललेल्या माणसाऐवजी पडद्यावर बहुतेक वेळ एक कडवट म्हातारा दिसतो.

आणि तरीही त्यात पिपिन या हॉबिटचं गाणं आहे. पुस्तकात डेनेथॉर त्याला विचारतो, गाता येतं का? पिपिन कसंबसं हो म्हणतो आणि मनात प्रार्थना करतो की प्रत्यक्ष गायची वेळ येऊ नये. ती येतही नाही. चित्रपटात ती येते. फॅरामीर बापाच्या शब्दाखातर मरायला निघालाय, बाप जेवतोय आणि समोर पिपिन गातोय. शब्द टॉल्किन यांचेच, पहिल्या खंडातल्या हॉबिटांच्या प्रवासगीतातून उचललेले. चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉइडनं स्वतः बांधली. पुस्तकात नसलेला हा प्रसंग मला पुस्तकाशी सर्वांत इमानी वाटतो, कारण तो करणाऱ्यानं मूळ पान वाचताना त्यातल्या न गायलेल्या गाण्याकडे लक्ष दिलं होतं. संदेशाच्या आगींचंही तसंच. पुस्तकात गॅन्डाल्फ आणि पिपिन घोड्यावरून जाताना त्या डोंगरमाथ्यांवर पेटलेल्या दिसतात आणि मागे पडतात. पडद्यावर शिखरामागून शिखर पेटत जातं. ते दृश्य शब्दांत तसं येऊच शकत नाही.

शक्य असेल तर वाढीव आवृत्ती बघा. चार तासांच्या वर आहे, मध्ये विश्रांती घ्या. थिएटरात लागलेल्या आवृत्तीत फॅरामीर आणि एओविन एकमेकांजवळ कसे आले ते कळतच नाही, एकदम राज्याभिषेकाला शेजारी उभे दिसतात. वाढीव आवृत्तीत त्यांचा प्रसंग आहे, छोटाच. (लाटेचं स्वप्न मात्र तिथे एओविनच्या तोंडी गेलंय. तुम्हाला चिडायचा पूर्ण हक्क आहे.) दुष्ट जादूगार सारुमानचा शेवटही त्याच आवृत्तीत आहे आणि त्यामागची गोष्ट भाच्याला जरूर सांगा. सारुमान साकारणारे क्रिस्टोफर ली हे पुस्तक दरवर्षी वाचत आणि तरुणपणी टॉल्किन यांना भेटलेलेही होते. २००३ साली त्यांचा शेवटचा प्रसंग अंतिम संकलनातून काढून टाकला, तेव्हा ते इतके दुखावले की चित्रपटाच्या प्रीमियरला गेले नाहीत. म्हणजे खुद्द चित्रपटातल्या माणसानंही तुमच्यासारखंच तोंड फिरवलं होतं. पुढे ते त्याच दिग्दर्शकाच्या 'हॉबिट' चित्रपटांत पुन्हा सारुमान झाले.

ग्रुपचा विषय मी मुद्दाम वेगळा घेते आहे, कारण तो चित्रपट चांगला की वाईट या प्रश्नाचा भाग नाही. मालिका आवडली नाही, कालक्रम मोडला, संवाद कृत्रिम वाटले, हे सगळं खुशाल म्हणा. अभिनेत्रीच्या रंगावरून तिला शिव्या घालणं ही समीक्षा नव्हे, तो छळ आहे. पुस्तकावरच्या प्रेमाची सबब त्याला चालत नाही. हे नवीनही नाही. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी ॲरागॉर्नची प्रेयसी आर्वेन हेल्म्स डीपला लढताना दाखवणार असल्याचं फुटलं आणि चाहते खवळले. तो आक्षेप योग्यच होता आणि पूर्ण झालेल्या चित्रपटात ती त्या लढाईत नाही. पण तेव्हाही काहींनी राग पटकथेवर न काढता आर्वेनचं काम करणाऱ्या लिव्ह टायलरवर काढला आणि त्याचे घाव तिला सोसावे लागले. २०२२ साली मालिकेतल्या कलाकारांवर वंशद्वेषी हल्ले झाले, तेव्हा जुन्या चित्रपटांतले फ्रोडो, मेरी आणि पिपिन, म्हणजे एलायजा वुड, डॉमिनिक मोनाहन आणि बिली बॉइड, वेगवेगळ्या रंगांच्या कानांची चित्रं असलेले टी-शर्ट घालून लोकांसमोर आले. इथे तुम्हा सगळ्यांचं स्वागत आहे, असं त्यावर एल्फांच्या लिपीत लिहिलेलं होतं.

तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी म्हणेल, मग लेखिका अर्सुला ली ग्वीन यांनीही रंगाचाच मुद्दा काढला होता ना? हो, काढला होता. त्यांच्या अर्थसी कथांचा नायक गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे आणि ती त्यांची विचारपूर्वक केलेली निवड होती. २००४च्या टीव्ही मालिकेत तो गोरा झाला, तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला. निषेध निर्मात्यांच्या निर्णयाचा होता आणि त्याचं कारण पुस्तकाच्या पानांत होतं. त्यात कुणाला माणूस म्हणून कमी लेखलेलं नव्हतं. दोन वर्षांनी त्याच कथांवर गोरो मियाझाकी यांनी जपानमध्ये ॲनिमेशनपट केला. ली ग्वीन त्यांना म्हणाल्या की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे आणि तो चांगला चित्रपट आहे. नंतर कुठे कुठे निराशा झाली तेही त्यांनी सविस्तर लिहिलं. समोरच्या कलाकाराचा मान राखून आपलं मत शेवटपर्यंत कसं मांडावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा ग्रुपवर दोन वाक्यं लिहा. मालिका मलाही आवडली नाही, पण त्या अभिनेत्रीच्या रंगावरून जे लिहिलं गेलं ते चुकीचं होतं आणि तेव्हाच बोलायला हवं होतं. वाद घालत बसू नका. कुणी टिंगल केली तर करू द्या. तुमच्यासारखेच गप्प बसलेले आणखी काही जण तिथे नक्की असतील, त्यांना हे वाचायची गरज आहे. एवढ्यावरून तुम्हाला कुणी बाहेर काढलं, तर तो ग्रुप सुटल्याचं दुःख करू नका.

राहिला ॲरागॉर्नचा चेहरा. खोटा दिलासा देत नाही, तो जसाच्या तसा बहुधा परत येणार नाही. चित्र शब्दांपेक्षा जास्त चिकट असतं. टॉल्किन यांनीही वर्णन मोजकंच केलंय, उंच, काळ्या केसांत पांढऱ्या छटा, करडे डोळे, आणि बाकीचं वाचकावर सोडलंय. पण एक लक्षात घ्या, चित्रपटांचं दृश्यरूप घडवणारे ॲलन ली आणि जॉन हाव हे त्याआधी कित्येक वर्षं याच पुस्तकांची चित्रं काढत होते. तेही वाचकच, त्यांच्याही मनात त्यांचे चेहरे होते. आणि ॲरागॉर्नचं काम करणाऱ्या व्हिगो मॉर्टेन्सननं ते पुस्तक तोवर वाचलेलंच नव्हतं. त्याच्या मुलाला ते आवडत होतं आणि मुलाच्या आग्रहामुळे त्यानं भूमिका घेतली. एका लहान मुलाचा हट्ट ऐकल्यामुळे तो चेहरा आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आला आहे.

ज्यांना चित्रपटांनी स्पर्शच केला नाही, अशी माणसं पुस्तकात अजून पुष्कळ आहेत. राजपुत्र इम्राहिल आहे, रानातला घान-बुरी-घान आहे, आणि बेरेगॉन्ड आहे. त्यांचे चेहरे अजून पूर्णपणे तुमचे आहेत. बेरेगॉन्डवर मी जास्त भर देईन. डेनेथॉर जखमी फॅरामीरला जिवंत जाळायला निघतो, तेव्हा पडद्यावर गॅन्डाल्फ आणि पिपिन त्याला वाचवतात. पुस्तकात ते पोचेपर्यंत दार अडवून धरतो हा साधा पहारेकरी. नेमून दिलेली जागा सोडली तर मृत्युदंड आहे, हे माहीत असूनही तो आपल्या सरदारासाठी ती सोडतो. त्याचं पुढे काय होतं, ते इथे सांगत नाही.

चित्रपट बघताना मध्ये बोलू नका. "पुस्तकात असं नाही" हे वाक्य शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत राखून ठेवा. संपल्यावर आधी भाच्याला विचारा, आता फॅरामीर कसा वाटला? आणि त्याचं पूर्ण ऐका. मग "आधी वाच" असं मी तुला म्हणायला नको होतं, हे सरळ सांगून टाका, मुलांना ते समजतं. त्यानंतर धबधब्यामागच्या गुहेची गोष्ट तुमच्या तोंडून सांगा, तुम्हाला ती का आवडते ते सांगा. त्याला सांगा की फॅरामीरला आगीतून वाचवणारा आणखी एक जण होता आणि तो चित्रपटात नाही. कोण, असं त्यानं विचारलं, तर तिसरा खंड काढून ते प्रकरण त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.